युद्धनौकेचा जमाखर्च

कारवारच्या कदंब नौतळावर ‘विक्रमादित्य’ ही विमानवाहू नौका २०१४ सालच्या जानेवारी महिन्यात प्रथम येऊन पोहोचली. सुमारे २८४ मीटर लांबीची व ४४,५०० टन वजनाची ही नौका म्हणजे समुद्रावर तरंगणारा विमानतळच होय. तिच्यावरून उडणाऱ्या मिग-२९-के विमानांचे ठाणे आपल्या गोमंतकात, दाबोळीच्या ‘हंसा’ नौदलतळावर आहे. त्यामुळे मुरगाव तालुक्यातील विद्यार्थ्यांना त्या विमानांचा गडगडाट काही नवा नाही. नौकेच्या सामर्थ्याचे वर्णन वर्तमानपत्रांतून पुष्कळ येऊन गेले आहे. आम्ही मात्र या लेखात तिच्या किमतीचा विचार करणार आहोत. विषय प्रथमदर्शनी रुक्ष वाटण्याचा संभव आहे. परंतु वर्गात आपण जी शेकडेवारी शिकतो, तीच येथे एका राष्ट्राच्या तिजोरीला लावून पाहावयाची आहे, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे ही रुक्षता बरीच कमी होईल.

ही नौका मूळची आपली नव्हे. सोव्हिएत संघाच्या काळात, आज युक्रेनमध्ये असलेल्या निकोलायेव येथील गोदीत ती बांधली गेली आणि १९८७ साली ‘बाकू’ या नावाने त्या देशाच्या आरमारात दाखल झाली. पुढे सोव्हिएत संघ मोडला, बाकू शहर परक्या देशाची राजधानी झाले, आणि नौकेस ‘ॲडमिरल गोर्श्कोव्ह’ हे नाव मिळाले. नाव पालटले तरी दैव पालटले नाही. १९९४ साली तिच्या बॉयलरखान्यात मोठा अपघात झाला आणि १९९६ साली रशियाने ती सेवेतून काढली.

इकडे भारतापुढे वेगळीच अडचण उभी होती. आपली पहिली ‘विक्रांत’ १९९७ सालच्या जानेवारीत निवृत्त झाली. उरली ती एकटी ‘विराट’, आणि तीही १९५९ साली ‘हर्मिस’ या नावाने ब्रिटिश आरमारात दाखल झालेली. एवढ्या मोठ्या सागरकिनाऱ्याच्या देशाला एका वृद्ध नौकेवर विसंबून राहणे भाग पडावे, ही स्थिती नौदलास अर्थातच सुखाची नव्हती. अशा वेळी रशियाने गोर्श्कोव्हचा सांगाडा फुकट देऊ केला. भारताने फक्त दुरुस्तीचे आणि रूपांतराचे पैसे द्यावयाचे. २० जानेवारी २००४ रोजी करार झाला. दुरुस्तीची रक्कम ठरली ९७ कोटी ४० लक्ष डॉलर. नौका ताब्यात मिळण्याची मुदत ठरली २००८ सालचा ऑगस्ट महिना. विमानांचे पैसे निराळे.

२००७ साली रशियाकडून कळविण्यात आले की काम मुदतीत होणार नाही आणि ठरलेल्या पैशांतही होणार नाही. मग दोन-तीन वर्षे वाटाघाटी चालल्या. २०१० साली ही रक्कम सुमारे २३५ कोटी डॉलरवर स्थिर झाली. नौका प्रत्यक्ष हाती आली ती १६ नोव्हेंबर २०१३ रोजी. विद्यार्थ्यांनी गणित स्वतः मांडून पाहावे: ९७.४ चे २३५ झाले, म्हणजे वाढ शेकडा १४१. आणि साडेचार वर्षांचे काम पावणेदहा वर्षांवर गेले. हत्ती फुकट मिळाला तरी त्याचा चारा फुकट मिळत नाही, हे खरे. पण चाऱ्याचा अंदाज इतका का चुकावा?

या प्रश्नाचे उत्तर देताना पुष्कळ लोक एका शब्दात मोकळे होतात आणि तो शब्द म्हणजे लबाडी. शस्त्रांच्या व्यवहारात लबाडी होत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु सगळे प्रामाणिक असले तरीही खर्च का वाढतो, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे आहे. कारण चोर पकडला की लबाडी थांबते, पण चुकीचा अंदाज कोणालाही पकडून थांबत नाही.

आपल्याकडील एखादे जुने घर दुरुस्तीस काढले आहे अशी कल्पना करा. सुतार अंगणात उभा राहून छपराकडे पाहतो आणि एक आकडा सांगतो. कौले उतरवली की खालचे रीप कुजलेले निघतात. रीप काढले की वासे वाळवीने पोखरलेले दिसतात. वासे बदलावयास घेतले तर भिंतीचा माथा ढासळू लागतो. आता छप्पर उघडे पडलेले, पाऊस तोंडावर आलेला, निम्मे पैसे सुताराच्या हाती गेलेले. ‘नको, तू जा’ असे म्हणण्याची सोय यजमानाला उरत नाही. सुताराने सांगितलेला पहिला आकडा खोटा नव्हता. तो फक्त कौले उतरण्यापूर्वीचा होता.

गोर्श्कोव्हचे नेमके असेच झाले. अनेक वर्षे बंद पडून राहिलेल्या त्या नौकेचे अंतरंग करारापूर्वी पुरतेपणी तपासले गेले नव्हते. काम सुरू झाल्यावर आतील पोलादी पत्रे, नळ आणि विजेच्या तारा अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक प्रमाणात बदलाव्या लागणार असे दिसून आले. शिवाय हे काम ज्या गोदीकडे गेले ती सेवेरोद्विन्स्कची गोदी पाणबुड्या बांधण्यासाठी प्रसिद्ध. विमानवाहू नौकांचा अनुभव होता तो निकोलायेवच्या कारागिरांना, आणि निकोलायेव तर आता दुसऱ्या देशात गेलेले. त्यातच नौकेच्या नाकाडावरची क्षेपणास्त्रे काढून तेथे विमाने झेपावण्यासाठी वर उचललेला उतार बांधावयाचा होता, म्हणजे दुरुस्तीबरोबर नवी बांधणीही आली. २०१२ सालच्या सप्टेंबरात चाचणीच्या वेळी नौका पूर्ण वेगाने चालवली, तेव्हा आठ बॉयलरांपैकी सात बॉयलर बिघडले आणि आणखी एक वर्ष गेले. भारताने करार मोडला का नाही, असे कोणी विचारील. मोडून जाणार कोठे? बरीच रक्कम देऊन झालेली, विराट थकलेली, आणि बाजारात दुसरी विमानवाहू नौका विकत मिळत नव्हती. अडल्या गिऱ्हाइकाशी भाव करताना दुकानदाराला घाई नसते.

आता हा दोष एकट्या रशियाच्या किंवा भारताच्या माथी मारून चालणार नाही. शस्त्रांवर सर्वांत अधिक पैसा खर्च करणारा देश म्हणजे अमेरिका. तेथील कायदेमंडळ या हिशेबाची जाहीर चिकित्सा करते. म्हणून या रोगाचा आणि त्यावरील औषधांचा अभ्यास करावयास तो देश सोयीचा आहे. तेथेही पहिला आकडा बहुधा लहान असतो, आणि तो लहान असण्यात दोघांचेही हित असते. कारखानदाराला कंत्राट मिळवावयाचे असते. सेनादलाला मंजुरी मिळवावयाची असते. खरा आकडा सांगितला तर योजना जन्मालाच येणार नाही, अशी दोघांनाही भीती असते. एकदा योजना सुरू झाली, हजारो कामगारांना रोजगार मिळाला, की मग ती बंद करण्याचे धैर्य कोणाजवळ असते?

खर्च वाढला की सरकार नगांची संख्या कमी करते, आणि येथेच एक विलक्षण दुष्टचक्र सुरू होते. शस्त्राच्या संशोधनाचा खर्च एकदाच होतो व तो सर्व नगांवर वाटला जातो. नग कमी केले की प्रत्येकाच्या वाट्याला अधिक खर्च येतो. किंमत वाढली म्हणून पुन्हा नग कमी करावे लागतात. अमेरिकेच्या ‘झुमवॉल्ट’ जातीच्या ३२ विनाशिका बांधावयाच्या होत्या. त्यांतल्या शेवटी ३ बांधल्या गेल्या. या नौकांवरील तोफांसाठी खास लांब पल्ल्याचा गोळा तयार करण्यात आला होता. नौका ३२ वरून ३ वर आल्या तसे गोळेही थोडे लागणार. त्यामुळे एकेका गोळ्याची किंमत सुमारे ८ लक्ष डॉलरपर्यंत चढली. २०१६ साली नौदलाने ते गोळे घेण्याचा विचारच सोडून दिला. तोफा आहेत, गोळे नाहीत, अशा अवस्थेत त्या नौका काही वर्षे समुद्रावर हिंडल्या! पुढे तोफा काढून त्या जागी क्षेपणास्त्रे बसविण्याचे काम हाती घेण्यात आले.

यावर उपाय काय? पहिला उपाय कंत्राटाच्या स्वरूपात शोधला गेला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी अमेरिकेत ‘झालेला खर्च आणि त्यावर ठरावीक शेकडा नफा’ अशी कंत्राटे दिली जात. शेकडा दहा नफा धरला तर शंभर रुपये खर्चणाऱ्यास दहा रुपये मिळणार आणि दोनशे खर्चणाऱ्यास वीस. काटकसर करणारा मूर्ख ठरावा अशीच ही व्यवस्था होती. पुढे कायद्याने ती बंद झाली व खर्च कितीही होवो, नफ्याची रक्कम ठरलेली राहील, अशी कंत्राटे आली. त्यांतही नफा निश्चित असल्यामुळे खर्च आवरण्याची निकड कोणाला वाटेना.

१९४१ सालच्या प्रारंभी मिसूरी राज्याचे एक सिनेटर स्वतःची मोटार घेऊन नव्याने उभारल्या जाणाऱ्या सैनिकी छावण्या पाहत फिरले. लाकूड-सामान पावसापाण्यात पडलेले, मजूर हातावर हात ठेवून उभे, आणि कंत्राटदाराचा नफा मात्र सुरक्षित, असे दृश्य त्यांना आढळले. त्यांनी सिनेटमध्ये चौकशीची मागणी केली व १९४१ सालच्या मार्च महिन्यात त्यांच्याच अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. समितीला खर्चासाठी आरंभी अवघे १५,००० डॉलर मिळाले. या सिनेटरांचे नाव हॅरी ट्रूमन. चार वर्षांनी तेच अमेरिकेचे अध्यक्ष झाले. त्यांच्या समितीचा एक नियम आम्हांस फार शहाणपणाचा वाटतो. अमेरिकन यादवी युद्धात अशाच एका समितीने सेनापतींच्या डावपेचांत ढवळाढवळ करून नुकसान केले होते. ट्रूमन यांनी तो इतिहास वाचला होता. म्हणून लढाई कशी लढावी यासंबंधी त्यांच्या समितीने अवाक्षर काढावयाचे नाही, केवळ पैसा कोठे आणि कसा जातो एवढेच पाहावयाचे, असे त्यांनी ठरविले.

मग दुसरे टोक गाठले गेले. किंमत आधीच कायमची बांधून घ्यावी म्हणजे प्रश्न मिटला, असे कित्येकांना वाटले. १९६५ साली ‘सी-५-ए’ या प्रचंड मालवाहू विमानाचे कंत्राट लॉकहीड कंपनीला याच धर्तीवर देण्यात आले. आराखडा, चाचण्या आणि उत्पादन, सर्व एकाच करारात. विमाने ११५ घ्यावयाची होती. पण जे विमान अजून कोणी बांधलेलेच नाही, त्याची किंमत कागदावर कितीही घट्ट बांधली तरी प्रत्यक्षातला खर्च त्या कागदाला जुमानीत नाही. १९६८ सालच्या नोव्हेंबरात विमानदलाच्या हिशेब खात्यातील अर्नेस्ट फिट्झजेरल्ड नावाच्या मुलकी अधिकाऱ्याला कायदेमंडळाच्या एका समितीपुढे विचारण्यात आले की, या विमानांचा खर्च २०० कोटी डॉलरने वाढणार हे खरे काय? त्याने ते नाकारले नाही. वरिष्ठांना हे रुचले नाही; पुढे त्याची जागाच रद्द करण्यात आली आणि ती परत मिळवण्यासाठी त्याला दीर्घकाळ झगडावे लागले. विमाने शेवटी ८१ घेतली गेली. बांधलेल्या किमतीचा करार का टिकला नाही? कंपनी बुडाली तर विमानेही बुडणार, हे सरकारला ठाऊक होते; आणि ते सरकारला ठाऊक आहे, हे कंपनीलाही ठाऊक होते.

तिसरा उपाय धोक्याच्या घंटेचा. १९८२ साली सिनेटर नन आणि प्रतिनिधी मॅकर्डी यांनी पुढाकार घेऊन एक तरतूद करून घेतली. एखाद्या शस्त्राची दर नगामागची किंमत ठरलेल्या अंदाजाच्या शेकडा १५ ने वाढली की संरक्षण खात्याने कायदेमंडळास कळविले पाहिजे. शेकडा २५ ने वाढली तर ही योजना राष्ट्राला अत्यावश्यक आहे, असे संरक्षणमंत्र्याने लेखी प्रमाणित केले पाहिजे, नाहीपेक्षा योजना बंद. सेनादलांनी यातून एक युक्ती काढली. मूळ अंदाजच मधूनमधून नवा करावयाचा, म्हणजे वाढ नेहमी थोडी दिसते! ही पळवाट २००६ साली बुजविण्यात आली आणि अगदी पहिल्या अंदाजापासूनची वाढही मोजावी असे ठरले. तेथे मर्यादा शेकडा ३० आणि ५० अशा आहेत. २००९ साली आणखी एक सुधारणा झाली. किमतीचा अंदाज शस्त्र मागणाऱ्या सेनादलाने करावयाचा तो करो. पण संरक्षण खात्यात त्याहून स्वतंत्र असे एक कार्यालय राहील व ते आपला अंदाज वेगळा मांडील. आमच्या मते या सर्व उपायांत हा शेवटचा सर्वांत मोलाचा आहे, कारण तो छप्पर उघडण्यापूर्वीचा आहे.

घंटा वाजली म्हणजे आग विझली असे मात्र नव्हे. २०२४ सालचेच उदाहरण घ्या. ‘सेंटिनल’ नावाच्या नव्या अण्वस्त्रवाही क्षेपणास्त्राचा अंदाज २०२० साली सुमारे ७,७७० कोटी डॉलर होता. तो १४,०९० कोटींवर गेला, म्हणजे शेकडा ८१ वाढ. कायद्याप्रमाणे चौकशी झाली, योजना अत्यावश्यक असल्याचे प्रमाणपत्र दिले गेले आणि ती पुढे चालू राहिली. या वाढीचे मुख्य कारण क्षेपणास्त्रात नव्हते. १९६० नंतरच्या दशकात खणलेली जुनी भुयारी कोठारे आणि त्यांना जोडणाऱ्या जमिनीखालच्या तारा पुन्हा वापरता येतील असे धरून चालले होते. ते तसे नाही, हे मागाहून उमगले. गोर्श्कोव्ह समुद्रावरची आणि ही कोठारे जमिनीच्या पोटातली. पण दोन्ही ठिकाणी कौले न उतरवताच वाशांचा अंदाज केला गेला होता. कंत्राटाच्या स्पर्धेतही शेवटी एकच कंपनी उरली होती.

आता पुन्हा स्वदेशी येऊ. कोचीन गोदीत बांधलेली आपली नवी ‘विक्रांत’ २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात दाखल झाली. तिला आरंभी मंजूर झालेली रक्कम ३,२६१ कोटी रुपये होती. २०१४ साली ती १९,३४१ कोटी करण्यात आली. वाढ जवळजवळ सहापट. विक्रमादित्याहूनही हे प्रमाण मोठे आहे! तरीही या दोन वाढी एकाच तागडीत तोलणे आम्हांस न्याय्य वाटत नाही. विक्रांतसाठी लागणारे खास पोलाद बाहेरून मिळेना, तेव्हा ते आपल्या शास्त्रज्ञांनी आणि पोलाद कारखान्यांनी देशात तयार केले. पुढे इतर युद्धनौकांनाही त्याचा उपयोग झाला. त्या खर्चाचा काही भाग विद्या म्हणून देशात राहिला. गोर्श्कोव्हवर वाढलेला खर्च मात्र परक्या गोदीला विद्या शिकविण्यात गेला, असे थोडे कठोरपणे म्हणता येईल. अर्थात एवढ्याने विक्रांतचा पहिला अंदाज चुकला नव्हता असे ठरत नाही.

आपल्या देशात या हिशेबाची तपासणी करणारा घटनात्मक अधिकारी म्हणजे नियंत्रक व महालेखापरीक्षक. त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती त्यांची छाननी करते. समितीत लोकसभेचे १५ व राज्यसभेचे ७ सभासद असतात, आणि १९६७ सालापासून तिचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. ही तपासणी केवळ खरेदीच्या किमतीपाशी थांबत नाही. दाबोळीच्या ज्या मिग विमानांचा उल्लेख आम्ही आरंभी केला, त्यांच्यासंबंधी २०१६ सालच्या अहवालात असे नमूद आहे की, तपासलेल्या काळात त्यांतील एका आसनाची विमाने उड्डाणास सज्ज असण्याचे प्रमाण शेकडा १६ ते ३८ यांच्या दरम्यानच राहिले होते. हँगरमध्ये उभे असलेले विमान कितीला पडले हा प्रश्न खरेदीच्या पावतीवरून सुटत नाही.

गोर्श्कोव्हसंबंधीचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. नवी नौका घेतली असती तर पडली असती त्याहून सुमारे शेकडा ६० अधिक किंमत देऊन, आयुष्य मर्यादित असलेली जुनी नौका आपण घेत आहोत, असे त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले होते. हे शब्द छापून आले तेव्हा कराराला पाच वर्षे लोटली होती आणि नौका अजून सेवेरोद्विन्स्कच्या गोदीतच होती.